डॉ. दुर्गाबाई देशमुख : बालवाडीला राज्यव्यवस्थेचा आधार देणारे नेतृत्व

लहान मुले आणि त्यांच्या माता यांची काळजी घेणे हे शासनाचेही कर्तव्य आहे, ही गोष्ट आज सर्वमान्य झाली आहे. देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाडी केंद्रे असून पूरक पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण हे शब्द खेड्यापाड्यांतही परिचित आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मात्र अशी कोणतीही देशव्यापी व्यवस्था अस्तित्वात नव्हती. ती उभी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न केंद्रीय समाजकल्याण मंडळाने केला आणि त्या मंडळाच्या संस्थापक अध्यक्षा होत्या डॉ. दुर्गाबाई देशमुख. स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या सदस्य आणि नियोजन आयोगाच्या सदस्य म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. परंतु त्यांच्या कार्याचा सर्वांत दूरगामी परिणाम झाला तो खेड्यातील माता आणि शाळेच्या वयालाही न पोहोचलेल्या बालकांच्या जीवनावर.

बालपण आणि बालविवाह

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी आंध्रमधील राजमहेंद्री येथे झाला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे वयाच्या अवघ्या आठव्या वर्षी त्यांचा विवाह करण्यात आला. वय वाढले तसा विवाहाचा अर्थ त्यांना उमगू लागला आणि हे बंधन आपल्याला मान्य नसल्याचे त्यांनी स्पष्ट केले. वडिलांनी आणि भावाने त्यांच्या निर्णयाला साथ दिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका मध्यमवर्गीय तेलुगू कुटुंबात ही घटना असामान्यच म्हणावी लागेल. बालपणी लादलेल्या निर्णयाची किंमत स्त्रीला आयुष्यभर कशी मोजावी लागते, याचा अनुभव त्यांना फार लवकर आला. पुढे स्त्रिया आणि मुले यांचा प्रश्न त्यांनी कधीही वेगवेगळा मानला नाही, यामागे हा अनुभव असावा.

इंग्रजी माध्यमाच्या सक्तीचा निषेध म्हणून त्यांनी लहान वयातच शाळा सोडली. स्वतः हिंदी शिकून त्यांनी परिसरातील मुली आणि स्त्रियांसाठी हिंदीचे वर्ग सुरू केले. १९२१ मध्ये महात्मा गांधी काकिनाडा येथे आले असता देवदासी आणि बुरख्यात राहणाऱ्या मुस्लिम स्त्रियांशी त्यांची भेट घडवून आणण्याचा ध्यास या बारा वर्षांच्या मुलीने घेतला. त्यासाठी तिने निधी गोळा केला, सभा भरवली आणि गांधीजींच्या हिंदी भाषणाचे तेलुगू भाषांतरही केले. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेस अधिवेशनात स्वयंसेविका म्हणून खादी प्रदर्शनाच्या दारावर उभ्या असताना तिकीट नसल्याने त्यांनी जवाहरलाल नेहरूंना अडवले होते. तिकीट आणल्यानंतरच नेहरूंना प्रवेश मिळाला. पुढे याच नेहरूंच्या मंत्रिमंडळाकडे त्यांना समाजकल्याणासाठी निधी मागायचा होता.

तुरुंगातून परीक्षेकडे

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात दुर्गाबाई मद्रासमध्ये आघाडीवर होत्या. त्यांना तीनदा कारावास घडला. मदुराईच्या तुरुंगात त्यांना एकांतवासही भोगावा लागला. तुरुंगात त्यांची गाठ अनेक निरक्षर स्त्री कैद्यांशी पडली. आपल्यावर कोणता आरोप आहे आणि न्यायालयात काय बोलले गेले, हेही त्यांपैकी अनेकींना कळलेले नव्हते. कायद्याचे शिक्षण घेण्याचा दुर्गाबाईंचा निश्चय येथेच पक्का झाला.

सुटकेनंतर त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली तेव्हा त्यांचे वय शालेय विद्यार्थ्याचे राहिले नव्हते. बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा त्यांनी बाहेरून दिली. नंतर राज्यशास्त्राच्या पदवीसाठी त्यांनी आंध्र विद्यापीठाकडे अर्ज केला. मुलींसाठी वसतिगृह नसल्याची अडचण सांगण्यात आली, तेव्हा त्यांनी शिकू इच्छिणाऱ्या इतर मुली शोधून काढल्या आणि वसतिगृहाची सोय स्वतःच केली. पदवीनंतर त्यांनी १९४२ मध्ये मद्रास येथे कायद्याची पदवी मिळवली आणि वकिलीस प्रारंभ केला.

दरम्यान १९३७ मध्ये मद्रासमध्ये आंध्र महिला सभेची स्थापना झाली होती. परीक्षेला बसणाऱ्या मुली आणि प्रौढ स्त्रियांसाठी शिकवणीचे वर्ग घेणे, हे या संस्थेचे आरंभीचे काम होते. हळूहळू वसतिगृह, हस्तकला प्रशिक्षण, प्रसूतिसेवा आणि परिचारिका प्रशिक्षण अशा शाखा तिला फुटत गेल्या. शिकवणीसाठी येणाऱ्या स्त्रीच्या कडेवर मूल असते, त्या मुलाची सोय झाली नाही तर ती येऊ शकत नाही आणि ती आजारी पडली तर तिचे शिक्षण थांबते. या एकमेकांत गुंतलेल्या गरजांची जाण त्यांना प्रत्यक्ष कामातून आली. पुढे देशपातळीवर आखलेल्या योजनेत हीच जाण उतरली.

घटना समिती आणि नियोजन आयोग

१९४६ मध्ये दुर्गाबाई मद्रास प्रांतातून घटना समितीवर निवडून आल्या. समितीतील मोजक्या महिला सदस्यांपैकी त्या एक होत्या. सभापतींच्या अनुपस्थितीत कामकाज चालवणाऱ्या तालिकेवर असलेल्या त्या एकमेव महिला होत. हिंदू स्त्रीच्या वारसाहक्काचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला. राज्यसभेच्या सदस्यत्वासाठी किमान वय ३५ ऐवजी ३० असावे, ही त्यांची सूचना राज्यघटनेत समाविष्ट झाली.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी त्यांची नियोजन आयोगावर सदस्य म्हणून नियुक्ती झाली आणि समाजसेवांचा विषय त्यांच्याकडे आला. पहिली पंचवार्षिक योजना तेव्हा आकार घेत होती. धरणे, शेती आणि उद्योग यांवर आयोगाचा भर होता. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील स्त्रियांमधील साक्षरता सुमारे ९ टक्के इतकीच होती. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे दीडशे बालके वर्ष पूर्ण होण्याआधीच दगावत होती. अशा परिस्थितीत स्त्रिया, मुले आणि अपंग व्यक्ती यांच्यासाठी योजनेत स्वतंत्र तरतूद असली पाहिजे, असा आग्रह दुर्गाबाईंनी धरला. स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी पहिल्या योजनेत ४ कोटी रुपये राखून ठेवण्यात आले.

याच काळात त्यांचा परिचय तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाला. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले चिंतामणराव हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. २२ जानेवारी १९५३ रोजी दोघांचा नोंदणी पद्धतीने साधेपणाने विवाह झाला. पंतप्रधान नेहरू या विवाहाचे एक साक्षीदार होते. आंध्रच्या दुर्गाबाई या विवाहाने महाराष्ट्राच्याही झाल्या.

केंद्रीय समाजकल्याण मंडळाची स्थापना

ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय समाजकल्याण मंडळाची स्थापना केली आणि अध्यक्षपद दुर्गाबाईंकडे सोपवले. मंडळ शासनाचे असले तरी ते एखाद्या मंत्रालयातील विभागासारखे चालू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. देशात हजारो लहान संस्था काम करत होत्या. कोठे अनाथाश्रम होता, कोठे प्रसूतिगृह, तर कोठे एका खोलीतील बालवर्ग. या संस्थांपाशी निष्ठा होती, परंतु पैसा आणि प्रशिक्षित माणसे नव्हती. शासनाजवळ पैसा होता, परंतु खेड्यातील स्त्रीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता. या दोहोंची सांगड घालणे हे मंडळाचे मुख्य कार्य ठरले.

तथापि दिल्लीत बसून हे काम होणे शक्य नव्हते. शिक्षण आणि आरोग्य हे दोन्ही विषय त्या वेळी राज्यांच्या अखत्यारीत होते. प्रत्येक प्रांताची भाषा, चालीरीती आणि अडचणी वेगळ्या होत्या. त्यामुळे १९५४ मध्ये राज्याराज्यांत समाजकल्याण सल्लागार मंडळे स्थापन करण्यात आली. राज्य मंडळाच्या अध्यक्षपदी राज्यातील एखाद्या कार्यकर्त्या महिलेची निवड राज्य सरकार केंद्रीय मंडळाशी विचारविनिमय करून करत असे. सदस्यांच्या नियुक्तीत केंद्र आणि राज्य दोघांचाही वाटा होता. कार्यालयीन खर्चाचा भारही दोघांनी निम्मा निम्मा उचलायचा होता.

वरवर पाहता ही केवळ प्रशासकीय रचना होती. परंतु तिच्यामागे एक निश्चित विचार होता. केंद्राने केवळ पैसा दिला तर राज्याला ती योजना परकी वाटते आणि पैसा थांबताच योजनाही थांबते. राज्याने स्वतःचा वाटा उचलला, माणसे नेमली आणि जबाबदारी घेतली, तरच बालकल्याण हे राज्याचे नित्याचे काम बनते. राज्य सरकारांना या क्षेत्रात सहभागी करून घेण्याचा स्वतंत्र भारतातील हा एक आरंभीचा प्रयत्न होता.

कल्याण विस्तार प्रकल्प

मंडळाचा सर्वांत महत्त्वाकांक्षी उपक्रम म्हणजे १९५४ मध्ये सुरू झालेले कल्याण विस्तार प्रकल्प. सुमारे २५ गावे आणि साधारण २० हजार लोकवस्ती मिळून एक प्रकल्प आणि त्याअंतर्गत पाच केंद्रे, अशी त्याची रचना होती. प्रत्येक केंद्रात बालवाडी, माता आणि बालकांसाठी आरोग्यसेवा, स्त्रियांसाठी साक्षरता वर्ग आणि हस्तकलेचे शिक्षण असे चार प्रकारचे काम चाले. ग्रामसेविका, सुईण आणि हस्तकला शिक्षिका यांच्यावर या कामाची भिस्त होती. प्रकल्पाच्या देखरेखीसाठी स्थानिक समिती असे आणि तिच्यात त्याच भागातील स्त्रियांना स्थान देण्यात आले होते.

बालवाडीची कल्पना भारताला तेव्हा नवी नव्हती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे बालशिक्षणाचा पाया घातला होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि परदेशी साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तूंचा उपयोग करून बालवाडी चालवता येते, हे दाखवून दिले. बोर्डीचा प्रदेश आज पालघर जिल्ह्यात आहे. अशा प्रयोगांनी बालवाडी गरिबांच्या वस्तीतही चालू शकते हे सिद्ध केले होते. शासनाच्या आधाराने ती देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात कशी न्यायची, हा पुढचा प्रश्न होता. कल्याण विस्तार प्रकल्प हे त्या प्रश्नाचे पहिले व्यापक उत्तर होते.

या प्रकल्पांचे वैशिष्ट्य म्हणजे मूल आणि आई यांना एकत्र पाहण्याची दृष्टी. मूल बालवाडीत बसले की आईला काही तास मोकळे मिळतात. त्या वेळेत ती अक्षरओळख करून घेते अथवा चार पैसे मिळवून देणारे कौशल्य शिकते. मूल आजारी असेल तर बालवाडीतच ते लक्षात येते आणि गरोदर स्त्रीची विचारपूस सुईण तिच्या घरी जाऊन करते. एका छताखाली या सर्व सेवा मिळाव्यात, हे तत्त्व पुढे देशाच्या बालविकास धोरणाचा गाभा बनले.

कार्यकर्तीचा शोध

योजना कागदावर परिपूर्ण असली तरी ती चालवणार कोण, हा प्रश्न लवकरच समोर आला. खेड्यात राहून काम करण्यास तयार असलेली, किमान शालेय शिक्षण झालेली स्त्री बहुतेक भागांत मिळत नव्हती. शहरातील शिक्षित तरुणी खेड्यात टिकत नव्हत्या. ज्या खेड्यात टिकू शकत होत्या, त्यांना शिक्षण मिळाले नव्हते. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टने ग्रामसेविकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी उचलली, परंतु प्रशिक्षणासाठी पात्र उमेदवारच अपुऱ्या होत्या.

दुर्गाबाईंनी या अडचणीचे उत्तर आपल्या जुन्या अनुभवातून शोधले. शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांना थोड्या काळात परीक्षेसाठी तयार करण्याचे काम आंध्र महिला सभेने मद्रासमध्ये यशस्वीपणे केले होते. त्याच धर्तीवर १९५८ मध्ये मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमाची योजना सुरू केली. विधवा, परित्यक्ता आणि गरजू स्त्रियांना साधारण दोन वर्षांत माध्यमिक परीक्षेपर्यंत पोहोचवणे, हा तिचा हेतू होता. या वर्गांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी ग्रामसेविका, बालसेविका, परिचारिका आणि प्राथमिक शिक्षिका होण्याची वाट खुली झाली. ज्या स्त्रीला समाजाने निराधार ठरवले होते, तिच्या हाती गावातील बालकांचे संगोपन सोपवण्याची ही योजना होती. दुर्गाबाईंच्या दूरदृष्टीचे याहून उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच वर्षी भारत सरकारने स्त्रीशिक्षणाविषयी राष्ट्रीय समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दुर्गाबाईंना दिले. मुलामुलींच्या शिक्षणातील अंतर भरून काढण्यासाठी विशेष प्रयत्न करावेत आणि त्यासाठी केंद्रात तसेच राज्यांत स्वतंत्र यंत्रणा असावी, अशा शिफारशी समितीने १९५९ मध्ये सादर केल्या. त्यानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषदेच्याही त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

मर्यादा आणि धडे

कल्याण विस्तार प्रकल्पांची वाटचाल निर्वेध नव्हती. त्याच काळात सामुदायिक विकास कार्यक्रमही खेड्यांत पोहोचत होता. एकाच गावात दोन यंत्रणा समांतर काम करू लागल्या आणि कोणते काम कोणाचे, याविषयी गोंधळ निर्माण झाला. त्यामुळे १९५७ पासून दोहोंची सांगड घालून समन्वित स्वरूपाचे प्रकल्प सुरू करण्यात आले. त्यांचे क्षेत्र विकास गटाएवढे, म्हणजे सुमारे १०० गावांचे होते. जुने प्रकल्प कालांतराने स्थानिक महिला मंडळांकडे सोपवण्यात आले. ज्या गावांत महिला मंडळ सक्षम होते तेथे काम टिकले. जेथे उत्पन्नाचे साधन नव्हते तेथे बालवाडी चालवणे मंडळांना जड गेले.

या अनुभवाने धोरणकर्त्यांना एक महत्त्वाचा धडा दिला. लोकसहभाग आवश्यक आहे, परंतु तो शासनाच्या सातत्यपूर्ण आर्थिक पाठबळाला पर्याय ठरू शकत नाही. लहान मुलांसाठीच्या सेवांमध्ये खंड पडला तर त्याची भरपाई नंतर होत नाही, कारण बालकाची वाढ थांबून राहत नाही.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंब आणि बालकल्याण प्रकल्पांच्या रूपाने या कामाला नवे वळण मिळाले. १९७४ मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ विकास गटांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला. सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना पोषण, आरोग्य आणि शाळापूर्व शिक्षण एकाच अंगणवाडीतून देणारी ही योजना होती. ती दुर्गाबाईंनी आखलेली नव्हती. तिच्यामागे पोषणशास्त्र, आरोग्य आणि नियोजन या क्षेत्रांतील अनेकांचे परिश्रम होते. परंतु गावातील एक स्त्री, तिच्याकडे सोपवलेले एक केंद्र, तेथे एकत्र मिळणाऱ्या सेवा आणि केंद्र व राज्य यांची सामायिक जबाबदारी, ही चौकट कल्याण विस्तार प्रकल्पांनी दोन दशके आधी आजमावून पाहिली होती.

कुटुंब न्यायालयाचा विचार

कुटुंब टिकले तर मूल सुरक्षित राहते आणि कुटुंब मोडतानाही मुलाचे हित जपले गेले पाहिजे, असे दुर्गाबाईंना वाटे. १९५३ मध्ये चीनच्या दौऱ्यात त्यांनी तेथील कौटुंबिक न्यायालयांच्या कामकाजाची माहिती घेतली. भारतातही अशी न्यायालये असावीत, हा विचार त्यांनी मुंबई उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकर यांच्याशी झालेल्या चर्चेत मांडला. पंतप्रधान नेहरूंकडेही त्यांनी हा विषय नेला. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा संसदेने संमत केला तो १९८४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. पोटगी, मुलांचा ताबा आणि वैवाहिक तंटे यांसाठी या कायद्यान्वये राज्याराज्यांत स्वतंत्र न्यायालये स्थापन झाली.

अखेरची वर्षे आणि सन्मान

१९६२ मध्ये दुर्गाबाईंनी दिल्लीत सामाजिक विकास परिषद या संशोधन संस्थेची स्थापना केली. समाजकल्याणाच्या योजना केवळ सद्भावनेवर न आखता अभ्यासाच्या आधारे आखल्या जाव्यात, हा त्यामागील उद्देश होता. आंध्र महिला सभेचे कार्य त्यांनी हैदराबादमध्येही वाढवले. साक्षरता प्रसारातील योगदानाबद्दल १९७१ मध्ये त्यांना नेहरू साक्षरता पुरस्कार देण्यात आला. १९७५ मध्ये दुर्गाबाई आणि चिंतामणराव या दोघांनाही पद्मविभूषण सन्मान प्राप्त झाला. एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेही हेच वर्ष.

९ मे १९८१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. दिल्ली मेट्रोच्या पिंक मार्गिकेवरील एका स्थानकाला आज त्यांचे नाव आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने अंगणवाडी आणि पोषण कार्यक्रमांची सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० या नावाने पुनर्रचना केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनच्या बालकांना औपचारिक शिक्षणाच्या आराखड्यात स्थान दिले आहे. या सर्व बदलांच्या केंद्रस्थानी अंगणवाडी सेविका आहे. तिचे प्रशिक्षण, तिचे मानधन आणि तिच्यावरील कामाचा भार हे विषय आजही राज्याराज्यांत चर्चेत आहेत. बालकांसाठीची कोणतीही योजना ती चालवणाऱ्या स्त्रीच्या बळावरच उभी राहते, हे दुर्गाबाईंनी साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखले होते आणि म्हणूनच बालवाडीच्या बरोबरीने त्या स्त्रीच्या शिक्षणाचीही व्यवस्था केली होती.